रस्त्याकडेला नुसती उभी असलेली गाडी आणि तिचा विमा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या नावावरची २०१२ सालची सँट्रो पुण्यात सोसायटीबाहेर, रस्त्याच्या कडेला उभी आहे. बॅटरी उतरलेली, दोन चाकांतली हवा गेलेली, कुणी चालवत नाही. विमा मार्चमध्ये संपला. धाकटा भाऊ म्हणतो, गाडी हलतच नाही तर पैसे कशाला घालवायचे, विकताना बघू. आई म्हणतात, भरून टाका. कायद्यानं नेमकं काय बंधनकारक आहे?

आई बरोबर आहेत. सार्वजनिक रस्त्यावर गाडी उभी आहे तोवर तिचा निदान थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा विमा, चालू असायलाच हवा. मी मोटार अपघात दाव्यांची कामं करतो, बहुतेक वेळा जखमींच्या किंवा मृतांच्या घरच्यांच्या बाजूनं, आणि मधली काही वर्षं विमा कंपनीच्या बाजूनंही उभा राहिलो आहे. 'गाडी तर उभी होती' हे वाक्य अशा दाव्यांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणासमोर वारंवार ऐकू येतं. ते म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण त्या वाक्यानं त्याची सुटका होत नाही, आणि ती का होत नाही हे त्याला तोवर कुणी समजावून सांगितलेलं नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १४६ म्हणतं की थर्ड पार्टी विमा चालू नसेल तर कुणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन वापरू नये आणि दुसऱ्याला वापरू देऊ नये. इथं शब्द 'चालवणं' नाही, 'वापरणं' आहे. विमा पॉलिसीत काय असलंच पाहिजे हे सांगणारं कलम १४७ सुद्धा 'सार्वजनिक ठिकाणी वाहनाच्या वापरातून उद्भवलेली' जबाबदारी असंच म्हणतं. म्हणजे सगळा प्रश्न इथं येऊन थांबतो: इंजिन बंद करून, कुलूप लावून ठेवलेली गाडी 'वापरात' आहे का?

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली दिलं, आणि ते दिलं आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या एका दुर्घटनेच्या प्रकरणात. २९ ऑक्टोबर १९८७ ची पहाट. पुण्याकडून बंगळूरकडे जाणारा पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारा कांद्याचा ट्रक यांची महामार्गावर कवठे गावाजवळ टक्कर झाली. टँकर रस्त्यावरून उतरला आणि महामार्गापासून सुमारे वीस फुटांवर एका कुशीवर कलंडला. पेट्रोल गळायला लागलं. उजाडेपर्यंत आसपासची माणसं तिथं जमली. टक्कर झाल्यावर चार तासांच्या आसपास, सकाळी सातनंतर, स्फोट झाला आणि आग भडकली. चाळीसहून अधिक माणसं त्यात गेली.

त्यातल्या एका मृत तरुणाच्या आईनं तेव्हाच्या, म्हणजे १९३९ च्या कायद्याखाली, कुणाचीही चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई मागितली. रक्कम होती पंधरा हजार रुपये. टँकरचा मालक आणि विमा कंपनी यांचं म्हणणं असं की टँकर चार तास आडवा पडून होता, चालत नव्हता, चालू शकतही नव्हता. मग हा 'वाहनाच्या वापरातून' झालेला अपघात कसा? न्यायाधिकरणानं ते मान्य करून अर्ज फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचं म्हणणं उचलून धरलं. 'वापर' या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यायचा, वाहन स्थिर असेल तो काळही त्यात येतो, बिघाडामुळे किंवा अपघातामुळे ते जागचं हलू शकत नसेल तरीही येतो, असं त्या निकालानं स्पष्ट केलं. याच आगीच्या प्रकरणांतून आणखी एक निकाल २०११ साली आला. माणसं पेट्रोल भरून न्यायला जमली होती हा मुद्दा पुढं करूनही विमा कंपनीला जबाबदारी झटकता आली नाही.

पंधरा हजारांसाठी एका आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, याचा त्रास मला आजही होतो. पण त्या निकालामुळे पुढं देशभरातल्या असंख्य दाव्यांचा पाया पक्का झाला. उलटलेला, निकामी झालेला टँकर जर 'वापरात' असेल, तर सोसायटीबाहेर उभी असलेली सँट्रो वापरात नाही असं म्हणणं फार अवघड आहे.

यावर लोक विचारतात, उभी गाडी असं करून करून काय करणार? उभ्या गाडीमुळे होणारे अपघात मी सांगतो, कारण ते डोळ्यांसमोर असल्याशिवाय विम्याचं महत्त्व पटत नाही. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे रात्री अंधारात, दिवे न लावता, वळणावर किंवा अर्धवट रस्त्यात उभ्या केलेल्या वाहनावर मागून दुचाकी आदळणं. उतारावर हँडब्रेक नीट न ओढलेली किंवा ब्रेकची केबल गंजलेली गाडी घरंगळत जाऊन कुणाला तरी भिंतीशी चेपते. उभ्या गाडीचं दार रस्त्याच्या बाजूला अचानक उघडलं जातं आणि सायकलवाला त्यावर आपटतो. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदीर शिरतात, वायरी कुरतडतात, शॉर्टसर्किट होऊन आग लागते आणि शेजारच्या दोन गाड्या, एखादी टपरी, वरच्या मजल्यावरच्या बाल्कन्या त्यात सापडतात. तुमच्या सँट्रोची बॅटरी उतरलेली आहे म्हणून शेवटची शक्यता कमी आहे, इतकंच. बाकीच्या तशाच राहतात. हवा गेलेली गाडी रस्त्याकडं कलते, पावसात तिच्याभोवती पाणी साचतं, रात्री तिचे रिफ्लेक्टर धुळीनं झाकलेले असतात.

न्यायालयं अशा वेळी उभ्या वाहनाच्या मालकाकडं फारशा सहानुभूतीनं बघत नाहीत. रस्त्याच्या मधोमध दिवे न लावता उभ्या असलेल्या गॅस टँकरवर एक मोटार आदळली होती. त्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं मोटारचालकावर निष्काळजीपणाचा वाटा टाकायला नकार दिला. २०२४ साली महामार्गावर सोडून दिलेल्या चौदा चाकी ट्रकच्या प्रकरणातही तसंच झालं. 'मागून आदळला म्हणजे चूक मागच्याचीच' हा समज गावोगावी पक्का बसलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. कायद्याच्या कलम १२२ नुसार इतरांना धोका, अडथळा किंवा त्रास होईल अशा स्थितीत गाडी सोडून जायला मनाई आहे.

आता 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे काय. तुमच्या बाबतीत हा वादाचा मुद्दाच नाही, कारण गाडी रस्त्यावर आहे. पण वाचणाऱ्यांपैकी अनेकांची गाडी सोसायटीच्या आत असेल, म्हणून सांगतो. कायद्यातली व्याख्या लोकांना जिथं येण्याजाण्याचा हक्क आहे अशा रस्ता, गल्ली, वाट किंवा इतर जागेची आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं १९८८ साली तिचा अर्थ लावताना म्हटलं की खासगी मालकीची जागासुद्धा, लोकांचा तिथं वावर असेल तर, विम्याच्या प्रकरणापुरती सार्वजनिकच. मग तो वावर मोकळा असो की नियंत्रित. फाटकावर वॉचमन बसवला, रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं, तरी दूधवाला, पार्सलवाला, पाहुणे, कामाच्या बाई येतातच. त्यामुळे सोसायटीचं पार्किंग, मॉलचं तळघर, कारखान्याचं आवार ही सगळी ठिकाणं मी सार्वजनिकच धरून चालतो आणि अशिलांनाही तसंच धरायला सांगतो. स्वतःच्या बंगल्याच्या कुलूपबंद गॅरेजमध्ये, जिथं घरच्यांशिवाय कुणी जात नाही, तिथं ठेवलेली गाडी मात्र कलम १४६ च्या बाहेर राहते. ती दुरुस्तीला न्यायला म्हणून फाटकाबाहेर काढली की लगेच त्या कलमाच्या कक्षेत येते. 'पाच मिनिटांचं तर अंतर आहे' ही सबब चालत नाही.

परदेशात असलेल्या नातेवाइकांकडून एक गोष्ट ऐकून इथं गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावरून काढून ठेवली असल्याचं सरकारला रीतसर कळवता येतं आणि मग विमा घ्यावा लागत नाही. तसं कळवलं नसेल तर गाडी चालवा अथवा ठेवा, २०११ पासून विमा चालू हवाच. पण तिथंही कळवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी करता येत नाही. आपल्याकडे खासगी मोटारीसाठी अशी एका घोषणेनं विम्यातून सूट मिळण्याची सोय नाही. रस्ता वापरायचा असेल तर विमा, इतकाच आपला नियम.

दंडाबद्दल एक कायदेशीर बारकावा आहे, तो लपवणं योग्य होणार नाही. कलम १४६ 'वापरण्या'बद्दल बोलतं, पण शिक्षा सांगणारं कलम १९६ विम्याशिवाय वाहन 'चालवणाऱ्या'ला किंवा चालवायला देणाऱ्याला लागू होतं. पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा झाला तर दंड चार हजार. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे हे आकडे आहेत. त्यामुळे महिनोन्महिने जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीवर कुणी केवळ विमा नाही म्हणून कलम १९६ चं चलन फाडलं, तर त्याला आव्हान द्यायला जागा आहे, असं माझं मत आहे. तुमचा भाऊ कदाचित हेच कुठंतरी वाचून आला असेल. पण त्यावर विसंबून विमा सोडून देणं म्हणजे दोन हजारांचा मुद्दा जिंकून पुढची सगळी जबाबदारी उघड्या हातांनी स्वीकारणं. दंड न होणं आणि भरपाईची जबाबदारी नसणं या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कलम १९६ वर ठरते. दुसरी 'वापर' या शब्दावर ठरते, आणि त्या शब्दाचा अर्थ १९९१ पासून पक्का आहे.

शिवाय रस्त्यावर बेवारस दिसणाऱ्या गाडीला इतरही कलमं लागतात. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ विनादेखरेख सोडलेलं वाहन उचलून नेण्याचा अधिकार कलम १२७ नं गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला दिला आहे. महापालिका काचेवर नोटीस चिकटवून धूळ खात पडलेल्या गाड्या उचलतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. विमा भरल्यानं त्यापासून संरक्षण मिळत नाही, ही बाजूही लक्षात ठेवा.

खरी भीती पैशांच्या आकड्यात आहे, म्हणून हिशेब मांडूनच दाखवतो. समजा बत्तीस वर्षांचा, खासगी नोकरीत महिना पंचवीस हजार पगार असलेला माणूस तुमच्या गाडीमुळे झालेल्या अपघातात गेला. घरी पत्नी, दोन मुलं, आई. न्यायाधिकरण वर्षाचे तीन लाख धरतं. कायम नोकरीत नसलेल्या, चाळीसच्या आतल्या माणसाच्या भविष्यातल्या वाढीसाठी त्यात चाळीस टक्के मिळवतं, म्हणजे चार लाख वीस हजार. चार अवलंबितांमुळे त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करतं, उरले तीन लाख पंधरा हजार. या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं गुणतात, बत्तीस वर्षांच्या वयाला तो गुणक सोळा. झाले पन्नास लाख चाळीस हजार. त्यावर अंत्यसंस्कार, पत्नीचं सहजीवन, मुलांचं पितृछत्र यांसारख्या ठरीव रकमा आणि अर्ज केल्यापासूनचं व्याज. हा काही फुगवलेला आकडा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेली रीत हीच आहे.

'पण सगळी चूक आपली थोडीच असेल?' बरोबर आहे, दुचाकीस्वाराचीही काही चूक असू शकते, आणि मग त्याच्या वाट्याची रक्कम कापली जाते. पण त्याच दुचाकीवर मागं बसलेली व्यक्ती दगावली तर? तिची स्वतःची काहीच चूक नसते. दोन वाहनांच्या मिळून झालेल्या चुकीत सापडलेल्या तिसऱ्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना दोघांपैकी कुणाहीकडून पूर्ण रक्कम मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली स्पष्ट केलं आहे. तुमची चूक वीस टक्के ठरली तरी दावेदार तुमच्याकडून शंभर टक्के वसूल करू शकतो. मग दुसऱ्याचा वाटा त्याच्याकडून मिळवणं हे तुमचं काम. दुचाकीस्वाराकडे ना विमा ना मालमत्ता असेल, तर ते काम कागदावरच राहतं.

आणि कुणाचीच चूक सिद्ध झाली नाही तरी? १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ नुसार वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये, निष्काळजीपणा सिद्ध न करता, मागता येतात. ते देणं मालकाचं किंवा त्याच्या विमा कंपनीचं असतं. विमा असेल तर ती कंपनी भरते. नसेल तर मालक भरतो.

अपघातात सापडलेली बिनविम्याची गाडीही सहज सुटत नाही. मालकानं भरपाईसाठी पुरेसं तारण दिल्याशिवाय न्यायालयानं ती सोडू नये, आणि तीन महिन्यांत ते दिलं नाही तर तिचा लिलाव करून पैसे दाव्यासाठी जमा करावेत, असा नियम आता केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. २०१२ ची सँट्रो लिलावात किती आणेल हे तुम्हीच ठरवा. उरलेली रक्कम मालकाच्या इतर मालमत्तेतून वसूल होते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. म्हणजे सातबारा, फ्लॅट, बँकेतल्या ठेवी. आणि दावेदाराच्या बाजूनं उभं राहिल्यामुळे मला दुसरं टोकही माहीत आहे: मालकाकडे खरंच काही नसेल तर हातात निकालाचा कागद घेऊन ती विधवा वर्षानुवर्षं फिरते. थर्ड पार्टी विमा तुमच्या गाडीसाठी नसतो. तो त्या अनोळखी बाईसाठी असतो, जिला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. मला तो भरणं कायद्यापेक्षाही या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं.

या सगळ्याच्या समोर हप्ता किती? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, हजार ते पंधराशे सीसी ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये. दर सरकार ठरवतं, त्यामुळे कुठल्याही कंपनीत तोच. तुमची सँट्रो १,०८६ सीसीची, म्हणजे ३,४१६ आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. सगळे मिळून चार हजारांच्या आसपास. भरण्याआधी चालू दर एकदा तपासून घ्या.

लोक ज्याला 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल इन्शुरन्स' म्हणतात ते वेगळं. त्यात तुमच्या गाडीचं स्वतःचं नुकसान येतं: चोरी, आग, पूर, पावसाळ्यात अंगावर पडलेली गुलमोहराची फांदी. कायद्यानं ते सक्तीचं नाही. या वयाच्या आणि अवस्थेच्या गाडीला ते घ्यावं असं मी सुचवणार नाही. गाडीची ठरवली जाणारी किंमतच इतकी कमी असेल की हप्ता वाया जाईल. नवी किंवा चांगल्या स्थितीतली गाडी काही महिने उभी ठेवणाऱ्यांनी मात्र ते सोडू नये. चोरीला जातात त्या गाड्या उभ्याच असतात. शिवाय मुदत संपल्यानंतर नव्वद दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर जमलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते, आणि खंड पडल्यावर कंपनी गाडीची तपासणी करूनच पुन्हा विमा देते.

आता तुमच्या प्रकरणातली खरी गुंतागुंत, जी तुम्ही विचारलेलीच नाही. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे. मालक गेल्यावर वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. तेवढ्या काळापुरती ती वापरायची मुभा केंद्रीय नियमांत आहे. पॉलिसीचंही तसंच. पॉलिसी एकाच माणसाच्या नावावर असेल आणि तो वारला तर ती लगेच संपत नाही, पण मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यातलं जे आधी येईल तिथपर्यंतच ती टिकते, अशी अट नेहमीच्या पॉलिसीत छापलेली असते. तेव्हा विमा मार्चमध्ये संपला असं तुम्ही समजता आहात, पण वडील कधी गेले ते पाहता तो त्याआधीच संपला असण्याची शक्यता आहे.

इथं अनेकजण एक सोपा मार्ग काढतात: वडिलांच्याच नावानं, वडिलांच्याच मोबाइल नंबरवर ऑनलाइन नूतनीकरण. वेबसाइट काही विचारत नाही, पाच मिनिटांत पॉलिसी येते. कृपया असं करू नका. हयात नसलेल्या माणसाशी केलेला करार पुढं न्यायाधिकरणात टिकवणं कठीण जातं, आणि तुम्ही वस्तुस्थिती लपवली हे कंपनीच्या हातातलं पहिलं अस्त्र ठरतं. शाखेत जा, मृत्यूचा दाखला दाखवा, आरटीओत केलेल्या हस्तांतराच्या अर्जाची पावती द्या आणि वारसाच्या नावानं थर्ड पार्टी पॉलिसी मागा. आई, तुम्ही आणि भाऊ तिघं वारस असाल तर बाकीच्या दोघांचं संमतीपत्र लागेल. ते आत्ताच करून ठेवलं तर विकतानाही उपयोगी पडेल.

आरसीच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या, मुदतीकडंही बघा. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. तुमच्या गाडीला ती अजून संपलेली नाही, पण २०२७ फार लांब नाही. नोंदणी संपलेली असताना विमा असूनही हात रिकामे राहतात याचं एक उदाहरण सांगतो. तात्पुरती नोंदणी संपलेली एक बोलेरो मालकानं जोधपूरला नेली, अतिथिगृहाबाहेर उभी केली आणि रात्रीत ती चोरीला गेली. विमा चालू होता. चोरीच्या वेळी गाडी उभी होती, मग नोंदणीचा संबंध काय, असा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली विमा कंपनीच्या बाजूनं निकाल दिला: गाडी तिथपर्यंत नोंदणीशिवायच चालवत आणली होती, आणि हा पॉलिसीच्या मूळ अटीचा भंग आहे. ते प्रकरण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं होतं, थर्ड पार्टीचं नव्हतं, पण 'उभी होती' या बचावाची ताकद किती हे त्यातून कळतं.

पॉलिसी हातात आली की तिच्यावरची सुरुवातीची तारीख आणि वेळ वाचा. प्रमाणपत्रावर वेळ छापलेली असेल तर संरक्षण त्या मिनिटापासून सुरू होतं, त्याआधीच्या सकाळपासून नाही. अपघात झाल्यावर धावत जाऊन त्याच दिवशी काढलेल्या पॉलिसी मी पाहिल्या आहेत. त्यांचा काही उपयोग होत नाही, उलट बनाव केल्याचा संशय येतो.

गाडी पुन्हा चालवायचा विचारच नसेल, तर तिला रस्त्यावर ठेवून दरवर्षी चार हजार भरणं हाही शहाणपणा नाही. नावावर करून विकून टाका, किंवा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन आरटीओतली नोंदणी रद्द करून घ्या आणि तिथलं प्रमाणपत्र जपून ठेवा. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला नुसती किल्ली देऊ नका. विकतानाही तेच: नाव बदललं जात नाही तोवर आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून ज्याचं नाव असेल, न्यायाधिकरण त्यालाच बोलावतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा एकदा हेच सांगितलं, आणि त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांनी विकली होती.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात गाडी शक्य असेल तर सोसायटीच्या आत घ्या. हवा भरा, चाकांना ठोकळे लावा, मागचे रिफ्लेक्टर पुसून घ्या. ती ढकलत आत नेतानाही रस्त्यावरच असेल, म्हणून दिवसा, दोघांतिघांच्या मदतीनं, वाहतूक कमी असताना न्या. नमुना ३१ आणि वारसांची कागदपत्रं आरटीओत द्या, पावती घेऊन विमा शाखेत जा. पॉलिसी आल्यावरच गॅरेजवाल्याला बोलवा, आणि गाडी बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला चाचणीसाठी किल्ली देण्याआधी त्याचा परवाना पाहून घ्या.